नऊ मीटरच्या रस्त्यापायी अडलेला नकाशा

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात झोन दाखला, भाग नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत हे सगळं सरळ मिळालं. अडलं ते समोरच्या रस्त्यावर. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण हे आधी कोणी सांगतच नाही.

राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत पुणे, नाशिक, नागपूरसारख्या मोठ्या महापालिकांत दाट वस्तीबाहेर किती बांधता येईल, ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) 1.10, त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा वाढीव एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता 9 मीटर भरला की मूळ 1.10, प्रीमियम 0.50, टीडीआर 0.40, मिळून 2.00. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर 1100 की 2000, एवढा फरक! 1100 मध्ये जुन्या सभासदांचीच घरं जेमतेम बसतात, विकायला काही उरत नाही, आणि बिल्डर उठून जातो.

जुन्या मंजूर रेखांकनात, म्हणजे लेआउटमध्ये, आमचा रस्ता 9 मीटरचा. जागेवर टेप धरला तर 8.60, कारण समोरच्या बंगल्याची कुंपणभिंत आणि तिला लागून बांधलेला ओटा पुढे आलेला. बांधकाम विभाग म्हणे, पथ विभागाकडून रुंदीचा दाखला आणा. पथ विभाग म्हणे, हा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता नाही, रेखांकनातला आहे, बांधकाम विभागालाच विचारा. फाइल मध्येच लोंबकळत राहिली, आणि लेखी कोणीच काही देईना.

सुटलं ते कागदावर. मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत काढली, नगर भूमापनाकडून रस्त्याच्या दोन्ही हद्दींची मोजणी करून घेतली. डांबराच्या कडेपासून किंवा गटारापासून मोजू नका. हद्दीच्या खुणेपासून समोरच्या हद्दीच्या खुणेपर्यंत, काटकोनात आणि भूखंडाच्या पूर्ण लांबीभर मोजा. भिंत अतिक्रमणात आहे हे नकाशावर उमटलं तेव्हा कुठे अधिकारी बोलू लागले. तोंडी उत्तर ऐकून परतू नका, अर्ज आवक क्रमांकासह द्या.

रेखांकनातच रस्ता 6 मीटरचा असेल तर मार्ग वेगळा: महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्तारेषा (रस्त्याची नवी हद्द) आखली जाते, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा सोडावी लागते. सोडलेल्या जागेचा एफएसआय उरलेल्या भूखंडावर मागता येतो, पण समोरचं सामासिक अंतर (इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा) नव्या रेषेपासून धरलं जातं. आर्किटेक्टला आधीच सांगा, नाहीतर पार्किंगची अख्खी आखणी बदलते.

हो, प्रीमियमचे पैसे रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या) जमीनदरावर लागतात आणि तो जमीनदर 1 एप्रिलला बदलू शकतो. फाइल मार्चमध्ये तयार असेल तर चलन तेव्हाच काढून घ्या.