नऊ कार्डं परत आली

काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं होती. ती आली, सॅकमधून रबर लावलेला गठ्ठा काढला आणि नऊ पोस्टकार्डं एकेक करून माझ्यापुढे मांडली. सगळी परदेशातल्या पत्त्यांची. प्रत्येकावर जांभळ्या शाईत ठसठशीत ‘टी’ उमटलेला आणि तिकिटांवर गोल शिक्का. तो शिक्का माझ्याच हातचा होता. मी डावखुरी आहे, त्यामुळे माझा ठसा किंचित उजवीकडे कलतो, तो मला कुठेही ओळखता येतो. तारीख दीड महिन्यापूर्वीची.

“मॅडम, ही सगळी परत आली,” ती म्हणाली. “माझं काय चुकलं?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ‘टी’ ही तिकीट कमी लावलेल्या टपालाची जगभरातली खूण. १८७४ साली बर्नमध्ये देशोदेशींच्या टपालखात्यांची संघटना उभी राहिली, तिची अधिकृत भाषा फ्रेंच, आणि फ्रेंचमधल्या ‘ताक्स’ या शब्दाचं ते पहिलं अक्षर. असं टपाल कधी पुढे जातं आणि राहिलेला फरक घेणाऱ्याकडून वसूल होतो, कधी ते पाठवणाऱ्याकडे परत येतं. ही नऊ कार्डं देशाबाहेर गेलीच नव्हती.

मला तो दिवस आठवला. महिन्याची सुरुवात होती, रांग दारापर्यंत गेली होती. तिने मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. परदेशी कार्डाचा दर बदललाय का, आणि चित्रांची वेगळी काही तिकिटं आहेत का. दोन्हींना मी मान वर न करता ‘नाही’ म्हटलं. दर त्याच आठवड्यात बदलला होता. परिपत्रक मी वाचलं होतं, सहीसुद्धा केली होती, पण जुना आकडा इतकी वर्षं जिभेवर बसलेला की तोच बाहेर पडला. आणि चित्रांची तिकिटं माझ्या खालच्या खणात होती. वरच्या फोल्डरमधली नेहमीची तिकिटं हाताशी होती, ती फाडून दिली.

मी तिला हे सगळं तसंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारलं, “मग आता काय करायचं?”

काउंटरची पाटी मी फिरवून ठेवली आणि तिला आतल्या टेबलाशी बोलावलं. साहेबांना विचारलं, त्यांनी मान डोलावली. फरकाची तिकिटं लावून ही कार्डं पुन्हा पाठवता येत होती. तो फरक मी भरणार, हे मी आधीच सांगून टाकलं. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही.

तिचा छंद मला तोवर नीट ठाऊक नव्हता. पोस्टक्रॉसिंग नावाचा एक उपक्रम आहे. पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज विद्यार्थ्याने तो २००५ साली सुरू केला. आपण नाव नोंदवायचं, आपल्याला जगातल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला कार्ड पाठवायचं. कार्डावर देशाची दोन अक्षरं आणि एक क्रमांक लिहावा लागतो. ते पोचलं की समोरचा माणूस तो क्रमांक नोंदवतो, आणि मग आपला पत्ता तिसऱ्याच कुणालातरी जातो. म्हणजे ही नऊ कार्डं अडली, तशी तिच्याकडे येणारीही अडली होती. कार्ड ६० दिवसांत नोंदवलं गेलं नाही तर त्याची मुदत संपली असं दिसतं, पण वर्षभरात कधीही पोचलं तरी नोंद होते. हे सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

पत्ता मिळाला की ती त्या माणसाने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचते. एका फिनिश बाईंना पक्षी आवडतात. जपानमधल्या एका मुलाला आगगाड्या. जर्मनीतले एक निवृत्त गृहस्थ दीपगृहांची चित्रं जमवतात. कार्ड त्याप्रमाणे निवडायचं, आणि जमलं तर तिकीटही. “कार्ड तर दुकानात मिळतं,” ती म्हणाली, “पण तिकीट फक्त तुमच्याकडे.” इतकी वर्षं मी तिकिटं विकतेय, माझ्यासाठी ती दराची पावती होती. मिळवणाऱ्याला मात्र त्या लहानशा चौकोनातच दुसऱ्या देशाचा पहिला पुरावा दिसतो. त्यावर देशाचं नाव असतं. फक्त ब्रिटनच्या तिकिटांवर नसतं, कारण १८४० साली पहिलं चिकटवायचं तिकीट त्यांनीच काढलं तेव्हा दुसऱ्या कुणाचं तिकीटच नव्हतं. नाव नाही, राजा-राणीचं शिर, ही रीत आजवर चालू आहे.

मी आधी दरपत्रक काढून तिच्यापुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तोंडी सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. एक कार्ड लांबट, शहराच्या आडव्या दृश्याचं होतं, तेही पट्टीने मोजलं. पोस्टकार्ड म्हणून जास्तीत जास्त २३५ बाय १२० मिलिमीटर चालतं, कमीत कमी १४० बाय ९०. त्यापलीकडे गेलं की पत्राचा दर लागतो. ते २१० भरलं. बरं झालं.

फरक होता जुन्या दराच्या पाचव्या हिश्शाइतका, आणि नेमक्या तेवढ्या किमतीचं एकही तिकीट माझ्याकडे नव्हतं. एकतर सगळ्यात लहान किमतीची चार लावायची, म्हणजे हिशेब काटेकोर. नाहीतर चित्राचं एक लावायचं, ज्याची किंमत फरकाच्या दुप्पट. मी सवयीने लहान तिकिटांचा फोल्डर उघडला आणि थांबले. नऊ कार्डांना छत्तीस तिकिटं. तिने लिहून भरलेल्या कार्डावर चार तिकिटांना जागा कुठे होती?

मग खालचा खण उघडला.

विशेष प्रसंगी काढलेली तिकिटं एका ठराविक संख्येत छापली जातात, संपली की संपली. नेहमीची पुन्हापुन्हा छापतात. म्हणून अनेक काउंटरवर विशेष तिकिटं खाली जातात, हिशेब सोपा राहावा म्हणून वर नेहमीचीच. माझ्या खणात पक्ष्यांचा एक पूर्ण शीट होता, रेल्वेच्या इंजिनांचे अर्धे, फुलपाखरं, एक जुना पूल, आणि चार तिकिटं मिळून एकच चित्र पूर्ण होणारा समुद्राचा एक ठोकळा. मी ते टेबलावर पसरले तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले, बोटं लागू नयेत म्हणून.

पक्ष्यांचं ठरवायला वेळ लागला नाही. इंजिनाचंही नाही, फक्त तिने डिझेल बाजूला सारून वाफेचं घेतलं. त्या मुलाने तसं लिहिलं होतं. फुलपाखरं दोन कार्डांना गेली. पुलाच्या तिकिटावर आमचं जरा अडलं. मला ते फिकट वाटत होतं. ती म्हणाली, ज्यांना पाठवायचंय त्या पूल बांधणाऱ्या इंजिनिअर आहेत, त्यांना कमानी मोजता आल्या पाहिजेत. तिने भिंगातून मोजल्या. पाच.

जागेचा प्रश्न ती नेहमी आधीच सोडवून ठेवते, हे मला तिच्या डबीतून कळलं. डबीत तिकिटांच्या मापाचे कोरे कागदी तुकडे होते. मजकूर लिहायच्या आधी ती ते कार्डावर ठेवते, कडेने पेन्सिलची पुसट रेघ मारते आणि मग लिहायला घेते. त्या दिवशी मी दिलेल्या तिकिटांपुरतीच जागा तिने सोडली होती. आता तीच माणसं, तीच कार्डं, आणि नवीन तिकिटाला शोधून जागा काढायची. ती तुकडा सरकवत राहिली आणि मी नियम सांगत राहिले. पत्त्याच्या बाजूलाच लावायचं, शक्यतो वर उजवीकडे, कारण शिक्का मारणारं यंत्र तिकीट तिथेच शोधतं. बऱ्याच देशांच्या तिकिटांत चमकणारा अंश असतो, यंत्राला तोच दिसतो. खालची कड मोकळी, तिथे रेषांचा संकेत छापला जातो. एकावर एक चढवायचं नाही, झाकलेल्या तिकिटाची किंमत धरत नाहीत. वर पारदर्शक टेप तर मुळीच नको, शाई टेपवर बसते आणि तिकीट वापरलेलं की कोरं हे कळत नाही. तिने एका कार्डावर टेप लावायचा विचार केला होता, गुळगुळीत कागदावर डिंक धरत नाही म्हणून. मी तिला सांगितलं, ओला स्पंज घासायचा नाही, तिकीट नुसतं टेकवून उचलायचं आणि कार्डावर ठेवून कोरा कागद वर दाबून धरायचा. मनात वीसपर्यंत मोजायचं. ते धरलं.

फाडायचंही मी तिला दाखवलं. भोकांची रांग आधी पुढे दुमडायची, मग मागे, तेव्हा हलकेच ओढायचं. घाईत एक टोक तुटलं तर पुढचा माणूस कितीही जपून ठेवो, ते तुटकंच राहतं. मी रोज शेकडो तिकिटं फाडते, आणि त्या दुपारी पहिल्यांदा प्रत्येक तिकिटाच्या चारही कोपऱ्यांकडे पाहिलं.

शेवटी राहिलं दीपगृहाचं कार्ड. तिला त्यासाठी समुद्राच्या ठोकळ्यातलं वरचं डावं तिकीट हवं होतं. चार तिकिटं जोडलेली असली की मोल वेगळं, हे मी तिला बोलून दाखवलं, एक काढलं की उरलेल्या तिघांचं चित्र तुटतं. ती म्हणाली, “पण लाट त्याच कोपऱ्यात आहे.” मी ते वेगळं केलं. कार्डावर मात्र तसूभर जागा नव्हती. तिने पत्त्याच्या रेघेपर्यंत बारीक अक्षरात लिहिलं होतं. तुकडा इकडे ठेव, तिकडे ठेव, कुठेतरी पत्ता झाकला जाई नाहीतर क्रमांक. क्रमांक झाकला गेला तर ते गृहस्थ नोंदच करू शकणार नाहीत.

मग ती स्वतःचाच मजकूर पहिल्यापासून वाचायला लागली, ओठ हलवत. एका ओळीपाशी थांबली. “ही झाकूया,” ती म्हणाली. मी वाकून वाचलं. ‘आज सकाळपासून इथे पाऊस पडतोय,’ असं लिहिलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि तो पाऊस दीड महिन्यापूर्वीचा. तिकीट बरोब्बर त्या ओळीवर बसलं.

शिक्के मी हाताने मारले. यंत्रात टाकले असते तर एखादा पुसट पडला असता, एखादा चित्रावरून सरळ रेघा ओढत गेला असता. शाईच्या पॅडवर ठसा टेकवून आधी कोऱ्या कागदावर तीनदा मारला, जास्तीची शाई उतरली, मग कार्डं घेतली. तिकिटाच्या एका कोपऱ्यावर पाव शिक्का, बाकी कार्डावर, म्हणजे तारीखही वाचता येते आणि पक्ष्याचा डोळाही दिसतो. पक्ष्याच्या कार्डावर हात जरा थरथरला. ‘टी’वर लाल पेनाने दोन आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी माझी सही केली.

जायच्या आधी तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे नेदरलँड्सने २०११ साली खास पोस्टक्रॉसिंगसाठीच तिकिटं काढली, त्यानंतर २०१३ साली फिनलंडनेही. दुसरी, ब्रिटनमध्ये १९८९ पासून किंमत न छापलेली तिकिटंही मिळतात, त्यांवर फक्त टपालाची श्रेणी असते, म्हणून दर वाढला तरी ती तशीच चालतात. हे मी आमच्या प्रशिक्षणात कधी ऐकलं नव्हतं, आणि ती माझ्या निम्म्या वयाची होती.

दुसऱ्या दिवसापासून विशेष तिकिटांचा फोल्डर मी वरच्या खणात ठेवते. दरपत्रक काचेखाली, माझ्याकडे नाही, बाहेर वाचता येईल असं फिरवून.

ती दर पंधरवड्याने येते. मागच्या वेळी फोन काचेला लावून दाखवला. फिनलंडमधल्या बाईंनी पक्ष्याच्या तिकिटाचा जवळून फोटो पाठवला होता. जपानचं पोचलं, पुलाचं पोचलं, इंजिनिअर बाईंनी पाच कमानी मोजल्याचं लिहिलं. एकूण आठ नोंदवली गेली. दीपगृहाचं अजून वाटेत आहे.