तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या बोलण्यातले शब्द मी का अडवत नाही

‘भाषेच्या शिक्षिका असून मुलांच्या तोंडचे हे “विषय हार्ड”, “लोड घेऊ नको” तुम्ही खपवून कसे घेता?’ असे पालक मला प्रत्येक सभेत विचारतात आणि मी दरवेळी वेळ मारून नेते.

पूर्वी मीही हे शब्द लाल शाईने खोडत असे, अगदी मुलांच्या बोलण्यातलेसुद्धा अडवत असे. शब्दसंग्रह तोकडा असतो म्हणून मुले असे बोलतात, अशी माझी ठाम समजूत होती.

नववीच्या वर्गात वर्षाच्या मध्यावर एक मुलगा दाखल झाला. निबंध तपासताना त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला एक यादी दिसली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि मधे पट्टीने आखलेली उभी रेघ, जशी मी शब्दार्थांसाठी आखायला शिकवते तशीच. ‘लोड घेणे: काळजी करणे. वाढीव: गरजेपेक्षा जास्त. विषय हार्ड: कौतुक, परीक्षेबद्दल वापरायचे नाही.’ ‘एवढी मेहनत खऱ्या शब्दांवर घ्या,’ असे म्हणून मी ती यादी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसला. इतरांच्या तोंडी जे सहज रुळले होते ते हा मुलगा घोकून पाठ करत होता, हे त्या क्षणी सर्वांना कळले. त्यानंतर मधल्या सुट्टीत तो बाकावरच बसून राहू लागला आणि ते शब्द मी त्याच्या तोंडून पुन्हा कधी ऐकले नाहीत.

फ्रान्समधल्या तरुणांच्या ‘व्हेर्लाँ’ या बोलीत शब्द उलटे फिरवतात. ‘फाम’ म्हणजे बाई, त्याचे ‘मफ’ झाले. तो शब्द सर्वांच्याच तोंडी बसल्यावर तोही पुन्हा उलटवून ‘फमू’ करण्यात आला. आपल्या मुलांचे शब्दही तसेच: शब्दसंग्रह तोकडा म्हणून नव्हे, तर आपला कोण आणि परका कोण, हे ओळखण्याची ती खूण असते. ती सर्वांना समजू लागली की निरुपयोगी होते.

म्हणून मी बोलण्यातले शब्द अडवत नाही. निबंधातला ‘वाढीव’ मात्र आजही खोडते, आणि कुणाच्या रूपावरून वा जातीवरून पाडलेला शब्द बोलण्यातही चालवून घेत नाही. पण याच खुणेने कुणीतरी बाहेरही राहतो, आणि त्याचे काय करावे हे मला अजून उमगलेले नाही. मी वाचले नसते तरी वर्ग त्याला कधीतरी हसलाच असता, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण ती यादी वाचली मीच.