परदेशातून घरच्या वायफायची नाडी

घरून येणारी तक्रार एकाच वाक्याची असते, ‘नेट चालत नाहीये.’ लगेच ‘बंद करून चालू करा’ सांगू नका. बऱ्याच ॲक्सेस पॉइंटांचा (वायफाय पुरवणाऱ्या यंत्रांचा) लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रीस्टार्टबरोबर पुसला जातो, आणि कारण शोधायला मग काही उरत नाही.

आधी वेळ जुळवा. यात तीन घड्याळं असतात: घरच्यांचं, तुमचं आणि यंत्राचं. यंत्राचं बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. ‘रात्री नऊला गेलं’ म्हणजे लॉगमध्ये कधी, हे ठरल्याशिवाय भलत्याच ओळी वाचल्या जातात.

मग आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक, विचारा. लॅपटॉपवर तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर वायफाय जोडलं गेलंय, पण डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता आलेला नाही. वाटायच्या पत्त्यांचा साठा (पूल) संपलाय का ते बघा. काही फोन मॅक पत्ता (वायफायवरची आपली ओळख) बदलत राहतात आणि एकेक फोन दोन-तीन आयपी पत्ते अडवून बसतो. लीजचा, म्हणजे पत्ता राखून ठेवण्याचा, कालावधी कमी केला की मार्ग निघतो. पत्ता नीट आहे, ८.८.८.८ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग, म्हणजे चाचणीचा संदेश, जातो, पण साइट उघडत नाही? मग दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. लॉगमध्ये रीझन कोड (जोडणी तुटण्याचं कारण सांगणारा आकडा) १५ वारंवार दिसत असेल आणि सिग्नल बरा असेल, तर बहुधा पासवर्ड चुकलाय.

सगळ्यात फसवी असते ती ‘कांड्या फुल आहेत’ ही खात्री. फोनवरच्या कांड्या ॲक्सेस पॉइंटचा आवाज किती मोठा आहे तेवढंच सांगतात. फोनचा आवाज तिकडे पोचतोय का, हे नाही. ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगच्या पानावर त्या फोनपुढचा सिग्नलचा आकडा बघा. उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) असेल तर निवांत राहा. उणे ८०च्या आसपास असेल तर फोन ऐकतोय, पण त्याचं बोलणं पोचत नाहीये. अशा वेळी ॲक्सेस पॉइंटची पॉवर वाढवून काहीच साधत नाही. ॲक्सेस पॉइंटच फोनच्या जवळ आणा.

एकाच खोलीत वेग मंद असेल तर तिथल्या ॲक्सेस पॉइंटच्या इथरनेट पोर्टचा (केबल लागते त्या खाचेचा) वेग पाहा. १००० एमबीपीएसच्या जागी १०० दिसला, तर केबलमधल्या तारांची एखादी जोडी तुटलेली किंवा क्रिंप (टोकाच्या प्लगची पकड) ढिला असण्याची शक्यता मोठी. गिगाबिटला, म्हणजे १०००ला, चारही जोड्या लागतात, १००ला दोन पुरतात.

सुट्टीत घरी गेलेल्यांचा एक नेहमीचा घोळ: सगळ्यांना नेटवर्क दिसतं, अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला मात्र दिसत नाही. वायफायचं चॅनल (लहरींचा पट्टा) १२ किंवा १३ लागलंय का बघा. तिकडची बरीच यंत्रं ते वापरत नाहीत. १, ६ किंवा ११ ठेवा.

ज्या जोडणीवरून तुम्ही आत शिरलाय, तिचीच सेटिंग बदलताना मात्र घरच्या कुणाला तरी यंत्रापाशी उभं करा. ॲडमिनचं (सेटिंग बदलण्याचं) पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, व्हीपीएनमधूनच (सुरक्षित खासगी जोडणीतूनच) आत या.