रानातली खोप : तीन पावसाळ्यांनंतरचा अपडेट

यंदा पहिल्यांदाच भर पावसात रानात स्वतःच्या हाताने बांधलेल्या खोपीत झोपलो आणि सकाळी उठलो तर अंथरूण कोरडं. एवढ्या एका ओळीसाठी तीन वर्षं गेलीत, त्यामुळे अपडेट लांबणार, चहा घेऊन बसा.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जागा मुळशी खोऱ्यात वरच्या अंगाला, सासऱ्यांच्या चुलत भावाचं म्हणजे आमच्या आप्पांचं मालकीचं रान, मागे डोंगर, खाली ओढा. मी भोसरीत लेथ मशीनवर असतो, गुरुवारची सुट्टी, म्हणून बुधवारी सेकंड शिफ्ट नसेल तर संध्याकाळी बाईक काढायची आणि गुरुवारी रात्री परत. सामान सगळं मिळून एका सॅकमध्ये बसतं: कोयता, घडीची करवत, सुंभाची म्हणजे काथ्याच्या दोरीची दोन बंडलं, बारा बाय नऊचं मेणकापड, हेडलॅम्प, मच्छरदाणी. पहार आणि घमेलं आप्पांचं. खिळा एकही नाही, तत्त्वबित्त्व काही नाही, पहिल्या वेळी घरी विसरलो आणि मग सुंभावरच निभावलं.

गावात माझी चांगलीच करमणूक झालीय हेही सांगून टाकतो. सासुरवाडीचं चार खणांचं घर असताना जावई रानात जाऊन झोपतो म्हणल्यावर लोक सासूबाईंना विचारतात, काय वो, जावयाला घरात घेत न्हाय का.

तर नंबर एक, डिसेंबर 2022. तेव्हा डोक्यात सगळे बाहेरच्या देशातले बुशक्राफ्टचे (रानात मिळेल त्यातून निवारा करायचे) व्हिडिओ. दोन मेढी म्हणजे बेचक्याचे खांब, वर आठ फुटी आडवं लाकूड, त्याला एका बाजूने काठ्या टेकवल्या आणि वर हातभर पाचोळ्याचा थर, आत झोपायला पण पाचोळाच. तोंड पश्चिमेला ठेवलं, का तर सूर्यास्त दिसतो. फोटो झकास आले. आप्पा संध्याकाळी गुरं घेऊन परत येताना थांबले, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, डुक्करीण वेताला झाली की असंच घर करती." मला वाटलं चेष्टा करतायत. नंतर कळलं की रानडुकरीण खरंच गवत-काटक्यांचा असाच ढीग करून त्यात विते, म्हणजे म्हातारा शंभर टक्के टेक्निकल बोलत होता.

थंडीत तसं ठीक होतं. पण फेब्रुवारीत पाचोळा वाढवायला गेलो, कोयत्याच्या टोकाने वरचा थर उचलला आणि खाली फुरसं. वेटोळं करून अंगाला अंग घासत तो करवतीसारखा आवाज काढत बसलेलं, वीतभर लांबीचं असेल नसेल. हात घातला असता तर हा अपडेट दुसऱ्या कुणाला तरी लिहायला लागला असता. त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचार केला की ते पाचोळ्याचं शेल्टर थंड देशातलं आहे, तिथे माणूस गारठून मरतो म्हणून अंगाभोवती गरम थर पाहिजे. आपल्याकडे मुळशीत डिसेंबरात कितीही थंडी पडली तरी एक घोंगडं आणि शेकोटीवर रात्र निघते. आपल्याकडचा त्रास म्हणजे खालून येणारा साप-विंचू, आणि मग चार महिने पाऊस. त्यातून मण्यारीला रात्रीच फिरायची सवय, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते ती. म्हणजे पाचोळ्यात झोपणं हा प्रकारच आपल्याकडे उलटा आहे.

आणि याचं उत्तर शोधायला व्हिडिओ बघायची गरजच नव्हती, आप्पांच्या नाचणीच्या वरकसात (डोंगरउतारावरच्या शेतात) माळा उभाच होता की. डुकरं हाकायला रात्री ज्यावर बसतात तो. चार मेढी, वर बांबूची माच म्हणजे मचाण, वर गवताचं छप्पर, खाली शेकोटी. मी त्याच्या शेजारून शंभर वेळा गेलो असेन, पण ते 'शेल्टर' आहे हे डोक्यातच आलं नाही.

नंबर दोन, मे 2023. माळ्याचीच नक्कल, फक्त ठेंगणी. जमिनीपासून अडीच फुटांवर माच, आठ फूट रुंद, दहा फूट लांब. आता यात मी केलेल्या चुका ऐका, कारण तुमच्यातले निम्मे जण याच करणार आहेत.

बांबू मे महिन्यात तोडला. आप्पा म्हणाले, आत्ता नका तोडू, थंडीत अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा असतो. मी म्हणलं अंधश्रद्धा. जुलैत माचेवर झोपलो तर तोंडावर पिवळसर पीठ पडतंय, रात्रभर कुरकुर आवाज. बांबूत स्टार्च जास्त असला की पोखरणारे बारीक भुंगे तुटून पडतात आणि थंडीत तो कमी असतो, एवढं नक्की. चंद्राचं मला अजून माहीत नाही पण आता मी गपचूप अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडतो, कशाला वाद.

छपराचा अँगल. मधून आढ्यापर्यंत (छपराच्या वरच्या आडव्या लाकडापर्यंत) उंची ठेवली अडीच फूट आणि अर्धी रुंदी चार फूट, म्हणजे साधारण 32 डिग्री. पत्र्याला हे चालतं, गवताला नाही. गवत वॉटरप्रूफ नसतं, पाणी एका काडीवरून दुसऱ्या काडीवर घरंगळत वळचणीला (छपराच्या खालच्या कडेला) जातं एवढंच, उतार कमी असला की ते मधेच रेंगाळतं आणि आत मुरतं. किमान 45 डिग्री लागतात आणि ते मोजायला काही लागत नाही, अर्धी रुंदी जेवढी तेवढीच आढ्याची उंची, झालं.

आणि गवताऐवजी भातेण म्हणजे भाताचा पेंढा वापरलं कारण ते फुकट मिळालं. ऑगस्टमध्ये ते काळं पडून कुजलं, पण त्याआधी आप्पांच्या गाईंनी एक बाजूची वळचण खाऊन टाकली होती. पूर्ण. दीड फूट आतपर्यंत. मला आधी वाटलं वाऱ्याने गेली, मग खाली शेण दिसलं.

चौथी चूक मात्र चुकून फायद्याची निघाली. चारपैकी एक मेढ कमी पडली म्हणून बांधावरच्या मोईची जाड फांदी तोडून रोवली. जुलैच्या शेवटी गेलो तर मेढीला पालवी फुटलेली! मोई, पांगारा, यांची फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की जगते, गावात कुंपणाला मुद्दाम हीच लावतात, मलाच माहीत नव्हतं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ती आता कुजायची न्हाय." बाकीच्या तीन मेढी जमिनीलगत वाळवीने खाल्ल्या, ही जिवंत आहे.

2024 चा पावसाळा असाच ठिगळं लावण्यात गेला. आतून मेणकापड बांधलं, त्याने वरून गळणं थांबलं पण पाणी डोंगराच्या बाजूने वाहत खोपीखालून जायला लागलं, चूल विझली, मेढींच्या बुडाची माती निघाली. सगळं लक्ष छपराकडे आणि पाणी येतंय पायाकडून. पहिल्या तासाभराच्या जोरदार पावसात खोपीबाहेर छत्री घेऊन नुसतं उभं राहा आणि पाणी कुठून कुठे जातंय ते बघा, मी हे दीड वर्ष केलं नव्हतं.

आता नंबर तीन, म्हणजे खरा अपडेट. जानेवारी 2025 मध्ये बांबू तोडला, तीन वर्षांच्या वरचाच (कोयत्याच्या मुठीने ठोकायचा, कोवळा बद्द वाजतो, जून खणखणीत), आणि तीन आठवडे ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवला. वास असा येतो की बायकोने कपडे घराबाहेर काढायला लावले. पण आज नोव्हेंबर आहे, पिठाचा कण नाही. नवीन तीन मेढींसाठी ऐन, वादळात पडलेल्या झाडाचा. उभा ऐन तोडला नाही आणि तुम्हीपण तोडू नका, मालकीचं रान असलं तरी साग, खैर, ऐन वगैरेंना 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. बांबूचं बरं आहे, भारतीय वन कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही. आणि फॉरेस्टच्या हद्दीत यातलं काहीच करू नका, एक काटकीसुद्धा नाही, शेकोटी तर अजिबात नाही. दोन-तीन जण मेसेज करून विचारतात की ट्रेकला जाऊन तिथेच बनवलं तर चालेल का. नाही चालणार.

मेढी पुरण्याऐवजी यावेळी सपाट दगडावर उभ्या केल्या आणि तिरके टेकू दिले, वाळवीला जमिनीतून सरळ रस्ता नको म्हणून. डोंगराच्या बाजूला उलट्या व्हीसारखा चर, फूटभर खोल, दोन्ही टोकं खाली ओढ्याकडे काढलेली, आणि निघालेली माती आत टाकून नऊ इंच जोतं चोपून घेतलं. या चराला दोन गुरुवार लागले, पहारीने हातांना फोड आले, आणि पूर्ण बांधकामात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

बांधायला सुंभ आहेच, पण जिथे वासे आढ्याला मिळतात तिथे केवणीचा वाख म्हणजे सालीचा दोर वापरला. केवण म्हणजे मुरुडशेंग. साल सोलायची, भिजवायची, ओली असतानाच पिळा देऊन आवळायची, वाळली की अशी आकसते की कोयत्यानेच सुटते. नायलॉन बांबूवर घसरतो, तागाचा दोर एका पावसात कुजतो, दोन्ही करून झालंय.

पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या बाजूला कूड घातला, वाळलेल्या कारवीच्या काठ्यांचा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग सगळी एकदम वाळते, आप्पांनी त्या काठ्यांचे भारे गोठ्यावर जपून ठेवले होते, त्यातले पाच मला दिले. वरून शेण-माती आणि तूस. तोंड आता पूर्वेला, सूर्यास्त गेला खड्ड्यात.

छप्पर 45 डिग्री, डोंगरातलं गवत, सव्वादोनशे पेंढ्या, अर्धा फूट थर, खालून वर शाकारत जायचं आणि दर फुटाला वरून बांबूची कामटी दाबून बांधायची. वळचण दोन फूट बाहेर, त्यामुळे आत शिरताना कमरेत वाकावं लागतं, पण कुडाला पाण्याचा थेंब लागत नाही. हे सगळं मेच्या शेवटच्या आठवड्यात निवांत संपवू असा प्लॅन होता. आणि 2025 ला पावसाने काय केलं ते आठवतंय ना? 24 मेला केरळात आणि 26 ला थेट मुंबईत, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतका लवकर तो तिथे आला नव्हता. माझं एक पाखं म्हणजे छपराची एक बाजू झालेली, दुसरं उघडं. गावात अर्ध्या घरांची शाकारणी राहिलेली, सगळ्यांची धावपळ, आणि मी कामावर. आप्पांनी स्वतःच्या गोठ्याआधी माझ्या पाख्यावर मेणकापड टाकून दगड बांधले. मला हे त्यांनी सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. पुढच्या गुरुवारी पडत्या पावसात आम्ही दोघांनी गोठा आणि पाखं दोन्ही संपवलं, आधी गोठा.

जुलैच्या दुसऱ्या बुधवारी मुक्काम केला. रात्रभर धो धो. चर छातीठोकपणे वाहत होता. माचेखाली तीन दगडांची चूल, छोटीच ठेवायची, ज्वाळ गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही आणि शेजारी घमेलंभर माती तयार. धुराने डोळे जातात पण गवतातले किडे पळतात आणि छपरालाही तो चांगला, गावातल्या जुन्या घरांची आढी काजळीने काळीभोर आणि अजून टणक आहेत ते उगाच नाही. जळवांना मात्र काही फरक पडला नाही, ओढ्यावरून येताना सहा लागल्या. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलं होतं तरी.

रानात अचानक अडकून रात्र काढायची वेळ आली तर यातलं काय उपयोगी, असं एकाने विचारलं होतं. मी ऑगस्टमध्ये घड्याळ लावून करून बघितलं, फक्त कोयता, दोर आणि मेणकापड. वर वाळकी फांदी नाही ना बघायचं, दोन झाडांमध्ये दोर, त्यावर मेणकापड जमेल तेवढं तिरकं, वाऱ्याची बाजू जमिनीपर्यंत. वरच्या अंगाला हातभर चर. मग दोन ओंडके आणि त्यावर मनगटाएवढ्या काठ्या आडव्या टाकून बिछाना, जमिनीपासून वीतभर वर असला तरी पुरे. पन्नास मिनिटं लागली, सुखाची झोप नाही पण कोरडा राहिलो.

आता बाकी काय आहे ते. थंडी सुरू झालीय आणि माचेच्या फटींतून खालून वारा लागतो, म्हणून पेंढ्याची गादी आणि वर घोंगडं टाकून बघतोय. उंदराने एका कोपऱ्यातला सुंभ घरट्यासाठी कुरतडून नेलाय, तिथे वाख बांधायचाय. आणि मोईची ती मेढ, तिने यंदा बेचक्यातून चार फांद्या काढल्यात आणि त्या मेढीकडच्या बाजूचं पाखं खालून उचलायला लागल्यात, दोन बोटं फट पडलीय. आप्पांना दाखवलं तर म्हणतात छाटू नका, बकऱ्यांना पाला होईल, छप्परच जरा सरकवून घ्या. येत्या गुरुवारी बघतो.