बारा सारखे चौकोन

३१ डिसेंबर, नागपूर

हिवाळी अधिवेशन आटोपलं की आमच्या ऑफिसचं वर्ष संपतं, कॅलेंडर काही म्हणो. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक तरी अधिवेशन इथे भरवायचं ठरलं. सह्या करणाऱ्यांच्या मनात विदर्भाचं भलं असेल, पण रात्री नऊ वाजता तारांकित प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यांदा टाइप करणाऱ्या बाईचा विचार काही त्यांनी केला नसावा. रजा बंद, फायलींवर फायली, सिव्हिल लाइन्सभर मोर्चांसाठी बॅरिकेड. मग एक दिवस सगळे मुंबईला परततात आणि हातात थंडीचे चार मोकळे दिवस येतात. संकल्प लिहायला हे दिवस फार धोक्याचे. हवा इतकी सुरेख असते की आपण काहीही करू शकू असं वाटतं.

गेल्या वर्षीची यादी पुढ्यात आहे. रोज पहाटे चालणं. महिन्याला एक पुस्तक. रात्री दहानंतर फोन नाही. कार शिकणं. बाबांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांचा एकदाचा निकाल लावणं. वजन (आकडा लिहिलाय, इथे लिहीत नाही). अक्षर वळणदार आणि प्रत्येक ओळीपुढे पट्टीने आखलेले बारा चौकोन, जानेवारी ते डिसेंबर. बाराही अगदी सारखे. ज्या गावात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला आणि २३ मे २०१३ ला ४७.९ वर चढला, तिथे जन्म काढलेल्या बाईने बारा महिने एका मापाचे आखावेत म्हणजे धन्य आहे.

चालण्याचंच बघा. जानेवारीत सेमिनरी हिल्सला जपानी गार्डनपाशी पहाटे जत्रा असते. कानटोप्या, मफलर, नवे कोरे बूट. नेहमीचे लोक नव्यांना बरोबर ओळखतात आणि गालात हसतात. फेब्रुवारीही झकास गेला. मार्चअखेर ऑफिसात निधी खर्ची टाकायची धावपळ सुरू झाली आणि इकडे माळ्यावरून कुलर खाली आला. ताट्या बदलल्या, टाकीत पाइप लागला. एप्रिलच्या मध्यापासून रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या राहतात. दोनला लाइट गेली की कुलर बंद, झोप गेली, ती लागते पाचला. त्या वेळी उठून चालायला जा असं म्हणणारा माणूस पुण्याचा तरी असतो, नाहीतर एसीत झोपलेला. मे अखेरीला नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. साडेसहालाच ऊन अंगाला टोचतं.

म्हणून ते चौकोन कोरे राहिले, त्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते पुढचं. मृगाचा पाऊस पडला, हवा निवली, आणि तरी पेन उचलवेना. पानावर दोन-तीन रिकामे चौकोन ओळीने दिसले की माणूस म्हणतो, मोडलंच आता, पुढच्या जानेवारीत बघू. उन्हाळ्याने दोन-अडीच महिने नेले. बाकीचे सहा त्या पट्टीने आखलेल्या चौकोनांनी नेले.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, असं ऑफिसच्या ग्रुपवर दर जानेवारीत कोणीतरी टाकतंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी हे खरोखर मोजून पाहिलं होतं. सरासरी निघाली ६६ दिवसांची, आणि माणसागणिक फरक १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत. १ जानेवारीपासून ६६ मोजले तर ७ मार्च येतो. म्हणजे आमच्याकडे सवय जेमतेम अंगात मुरते तोवर कुलर काढायची वेळ होते. आणि मी २५४ वाल्यांतली असले (असेनच), तर गणपतीपर्यंत थांबा.

नाताळच्या सुट्टीत लेक पुण्याहून आली होती, तिला घेऊन काटोलला दादाकडे जाऊन आले. संत्र्याची बाग ताणावर होती. पाणी तोडलेलं, काळ्या जमिनीला भेगा, पानं मलूल होऊन वळलेली, बुंध्याशी पिवळ्या पानांचा सडा. लेक घाबरलीच. "मामा, झाडं मरून राहिली ना!" दादा हसला. "मरत नाही वं पोरी. ताणावर हायत. जानेवारीत खत-पाणी देलं का पाह्य कशी फुलते बाग."

हा आंबिया बहार. हिवाळ्यात मातीच्या मगदुराप्रमाणे महिना-दोन महिने पाणी तोडायचं, झाडाची वाढ थांबवायची, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत फूल आणि ऑक्टोबरपासून पुढे फळ. दुसरा मृग बहार. तो पावसावर फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चात तोडणीला येतो. झाड दोन्ही द्यायला तयार असतं, पण शहाणा बागाईतदार एकच धरतो. दोन्हींचा लोभ केला तर फळ बारीक राहतं आणि चार वर्षांत झाड खंगतं. आमच्या शेजारच्या बागेत हे झालेलं मी लहानपणी पाहिलंय. दादाला मी माझ्या सहा ओळींच्या यादीबद्दल काही बोलले नाही. हसून हसून बांधावर बसला असता.

तर या वर्षी चौकोन नाहीत. होळीपर्यंत एकच काम, पहाटेचं चालणं. पुस्तक नाही, कार नाही, काही नाही. मार्च सरकारचा, त्यात माझं काही लिहायचं नाही. एप्रिल आणि अर्धा मे बसून करायची कामं, कुलरपुढे मांडी घालून. वारस नोंद, फेरफार, बँकेतल्या आईच्या खात्याचं नॉमिनेशन. कागद लोखंडी पेटीत आहेत आणि ती उघडायचा कंटाळा तीन वर्षांचा आहे, पण मेमधली दुपार तशीही कुठे जाऊ देत नाही. पुस्तकंही तेव्हाच. महिन्याला एक हा हिशेब सोडला, उन्हाळ्यात दोन जाडजूड वाचली तरी मी खूश. नवतप्यापासून पाऊस लागेपर्यंत काहीही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवलंय, म्हणजे तेव्हा कोरं पान बघून जीव खाली-वर व्हायला नको.

पावसाळ्यातलं चालणं मात्र वेगळं. ऑफिसला जाताना सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला आलं की गाडी बदलून झिरो माइल एकच स्टेशन पुढे. जुलैत एकदा बदलायच्या गर्दीला कंटाळून मी तिथून पायीच निघाले, आणि तेव्हापासून बहुतेक रोज तशीच जाते, छत्री घेऊन, येतानाही. यादीत नसलेलं हे एक काम वर्षभरातलं सगळ्यात टिकाऊ निघालं. त्याला नाव दिलं नव्हतं म्हणूनच टिकलं की काय, कोण जाणे.

रात्रीच्या फोनची ओळ खोडली. लेकीला बोलायला सुचतं ते रात्री अकरालाच, आणि ती वर्षा-दोन वर्षांत तेही बंद करेल. वजनाचीही खोडली. चाललं तर ते आपलं आपण बघून घेईल, आणि सावजीकडचं जेवण मी सोडणार नाहीये.

कार दिवाळीनंतर. शिकवणार हेच, त्यामुळे विचारणं भाग होतं. डायरी बघून म्हणाले, डिसेंबर ठेव, तेव्हा थंडी असते, डोकं शांत राहतं. कोणाचं ते बोलले नाहीत. म्हटलं, डिसेंबरात अधिवेशन. मग म्हणाले, निदान रिंग रोडवर नेऊ नको. नोव्हेंबर ठरला, रविवारी सकाळी, पोरं क्रिकेट खेळायला यायच्या आधी कॉलनीच्या मैदानात.