माळ्यावरून उतरलेला ड्रम

ऑर्केस्ट्राचे दिवस सरले की ड्रमसेट माळ्यावर जातो. ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली की तो धुळीसकट खाली उतरतो आणि 'अमेरिकन आहे, ओरिजिनल' म्हणून विकायला निघतो. जुनं ते सोनं म्हणतात. ड्रमच्या बाबतीत ते कधी पितळ निघतं, कधी ॲल्युमिनियम, आणि बऱ्याचदा लोखंड. म्हणून खिशात लोहचुंबक असावं. १९६०च्या दशकातल्या लुडविग सुप्राफॉनिक ४०० या स्नेअर ड्रमच्या शेलला, म्हणजे गोल अंगाला, ते चिकटत नाही. रिमला, म्हणजे काठावरच्या कड्याला नव्हे हं, शेललाच लावून बघायचं. त्यातल्या ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. बारीक खड्डे पडतात, पापुद्रे सुटतात, खाडीकाठच्या दमट हवेत तर हमखास. दिसायला देवीचे व्रण, आवाजाला ढिम्म फरक नाही. भाव पाडायला मात्र झकास.

लाकडी ड्रम घेताना हेड, म्हणजे ज्यावर काठी पडते तो ताणलेला पडदा, काढायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर चहा पिऊन निघावं. उघडा शेल किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवायचा, आत मोबाइलचा टॉर्च, खोलीतला दिवा बंद. कडेखालून उजेडाची रेघ आली, तर तिथे कड झिजलीय किंवा शेल वाकलाय. मग टेपने व्यास तीन-चार दिशांनी मोजायचा. ३ मिलिमीटरहून जास्त फरक असला तर ट्यूनिंगला रडकुंडीला याल. नवं हेड आपल्या वजनाने बसून सहज फिरलं पाहिजे. प्लास्टिकची मायलर हेड १९५७च्या सुमारास आली. त्याआधीचे शेल वासराच्या कातड्यासाठी केलेले, कधी कधी किंचित मोठे. त्यांवर आजचं हेड अडकतं.

कड गोलसर दिसली म्हणून सुताराकडून तासून घेऊ नका! जुना आवाज तिथेच राहतो. गोल कडेवर हेड जास्त टेकतं, वरचे खणखणीत सूर दबतात, आवाज लवकर मिटतो. त्यात पातळ तीन प्लायचा शेल, आतून वर-खाली मजबुतीच्या रिंगा. काठी पडली की 'ठण्ण' नाही, 'धुब्'. गायकाच्या शब्दावर तो चढत नाही.

वाजवताना मधेच 'झिंग' ऐकू आली तर बहुधा लगच्या, म्हणजे हेड ताणणारे स्क्रू जिथे बसतात त्या शेलवरच्या तुकड्याच्या, पोटातली स्प्रिंग. लग खोलून कापसाचा बोळा कोंबला की गप्प.

आणि पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. आत दमट कोंडतं, प्लायचे थर सुटायला लागतात. जुनी सुती चादर पुरे.