माझेच बिटकॉइन माझ्या ताब्यात यायला सदतीस दिवस लागले

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या भारतीय सेवेच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं. माझं खातं तिथे नव्हतं, दुसऱ्या एका ऑनलाइन सेवेत होतं. पण तिथल्या लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले, तेव्हा मी आपलं सगळं काढून स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइनची चावी जपणाऱ्या छोट्या यंत्रात, ठेवायचं ठरवलं. अशा सेवेत चावी, म्हणजे बिटकॉइन पाठवायला लागणारा गुप्त कोड, त्यांच्याकडे असते. आपल्याला ॲपवर दिसतो तो त्यांच्या वहीतला आकडा. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विमा तरी असतो, इथे तोही नाही.

वॉलेट आणलं, चालू केलं, सगळं अर्ध्या तासात. (सेकंडहँड घेऊ नका. आणि डब्यात चावी परत मिळवून देणारे बारा-चोवीस शब्द आधीच लिहिलेले निघाले तर ते वापरूच नका, शब्द यंत्रानेच आपल्यासमोर तयार करायला हवेत.)

मग ‘विथड्रॉ’ दाबलं, तर ‘पुन्हा केवायसी करा’! पैसे भरताना चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पहिला अर्ज ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत. लग्नाचा दाखला जोडला, तर ‘अमान्य कागदपत्र’. हातात तारीख लिहिलेला कागद धरून सेल्फी काढला, तर ‘चेहरा अस्पष्ट’. ट्यूबलाइटखाली काढला, खिडकीत काढला, शेवटी गच्चीत जाऊन काढला. दर वेळी उत्तर तेच: चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबा. फोन नंबर नाही, पत्ता नाही, चॅटवर बॉट. तहसील कचेरीत निदान समोर माणूस तरी असतो, त्याच्याशी भांडता येतं.

बाराव्या दिवशी वैतागून ट्विटरवर लिहिलं. पाच मिनिटांत ‘कस्टमर सपोर्ट’ हजर! ताई, काळजी करू नका, हा फॉर्म भरा, फक्त तुमचे बारा शब्द टाका. मला क्षणभर खरंच हायसं वाटलं. मग लक्षात आलं, त्या खात्याचे बारा शब्द माझ्याकडे कधी नव्हतेच, चावी त्यांच्याकडेच ना! म्हणजे याला हवे होते माझ्या नव्या वॉलेटचे शब्द. ब्लॉक केलं. शब्द मागणारा माणूस चोरच, त्याचा लोगो कितीही खरा दिसो. कुणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

शेवटी नाद सोडला आणि पॅनवरचंच नाव बदलून घेतलं. सरकारी काम, पण ते बिनबोभाट झालं, हे मुद्दाम सांगते. नवं पॅन अपलोड केलं, दुसऱ्या दिवशी केवायसी मंजूर. त्यानंतर पैसे पाठवायला माझ्या वॉलेटचा नवा पत्ता नोंदवला म्हणून आणखी चोवीस तास कुलूप. हे मात्र मला पटलं, चोर खात्यात शिरला तरी त्याला लगेच पैसे नेता येत नाहीत.

आधी थोडेसे पाठवून बघा. कॉपी-पेस्ट केलेला पत्ता यंत्राच्या पडद्यावरच्या पत्त्याशी पूर्ण ताडून घ्या, कारण पेस्ट करताना पत्ता बदलणारे व्हायरस असतात. बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत नोंदले जातात, एक ब्लॉक साधारण दहा मिनिटांचा. मी सहा कन्फर्मेशन, म्हणजे सहा ब्लॉक, होईपर्यंत जागची हलले नाही, कुकरच्या शिट्ट्या नवऱ्याने मोजल्या.

अरे हो, खातं रिकामं करण्याआधी खरेदीचा सगळा हिशेब उतरवून घ्या. पुढे विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि खरेदीची किंमत दाखवायला तेच कागद लागतील.

माझे शब्द आता कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, मोबाइलमध्ये फोटो नाही. त्या ॲपमध्ये मात्र थोडे सातोशी (बिटकॉइनचे अगदी बारीक तुकडे) अजून पडून आहेत. विथड्रॉच्या किमान मर्यादेपेक्षा कमी, म्हणून काढता येत नाहीत म्हणे.